पाठदुखी, वीज आणि लोहचुंबक

पाठीचें दुखणें मनुष्याला मारीत नाहीं, पण सुखानें जगूंही देत नाहीं. असा रोगी अंथरुणास खिळलेला नसतो. तो कचेरींत जातो, बाजारांत जातो, चार माणसांत हंसून बोलतो. परंतु खालीं पडलेली किल्ली उचलण्याची वेळ आली कीं त्याच्या कपाळावर घाम येतो. अंगावर जखम नाहीं, ताप नाहीं. त्यामुळें घरच्या माणसांसही त्याचें दुःख पुरतें पटत नाहीं. २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटि ९० लक्ष माणसें कंबरेच्या दुखण्यानें पीडित होतीं, असा अंदाज तज्ज्ञांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केला आहे. तेल, शेक, लेप, पट्टा असे सर्व उपाय करून थकलेल्या अशा एखाद्या गृहस्थाच्या दृष्टीस एके दिवशीं एक सुबक जाहिरात पडते. चुंबकाचा पट्टा, विद्युत्-चुंबकीय गादी, किंवा पाठीवर चिकट पट्ट्या लावून विजेच्या लहरी सोडणारी, खिशांत मावेल एवढी पेटी. आणि घरच्या घरीं, औषधावांचून, जुनें दुखणें पळवून लावण्याचें आश्वासन! तें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें?

हा प्रश्न आज प्रथमच उत्पन्न झाला असता, तर त्याचें उत्तर शोधण्यास आपणांस बरेच कष्ट पडले असते. परंतु तो जुना आहे. वीज आणि लोहचुंबक यांच्या साह्यानें वेदना दूर करण्याचा उद्योग मनुष्य फार दिवसांपासून करीत आला आहे. त्यांत प्रामाणिक शास्त्रज्ञ होते, भोळे भाविक होते, आणि लबाड व्यापारीही होते. त्यांची पारख कशी करावी याची एक कसोटीही या इतिहासांतच घडली आहे. आजच्या भाषणांत त्या कसोटीची हकीकत सांगून, ती पाठदुखीवरील यंत्रांस लावून पाहावी, असा माझा विचार आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत स्क्रिबोनिअस लार्गस नांवाचा एक रोमन वैद्य होऊन गेला. समुद्रांतील टॉर्पीडो नांवाचा मासा अंगास लागला असतां झिणझिण्या येऊन तो भाग बधिर होतो, ही गोष्ट त्या काळच्या लोकांस माहीत होती. लार्गसनें तिचा उपयोग औषधाकडे केला. डोकें सारखें दुखत असेल तर जिवंत मासा दुखऱ्या जागीं ठेवावा. वातानें पाय ठणकत असेल तर ओल्या किनाऱ्यावर त्या माशावर पाय देऊन उभें राहावें, आणि गुडघ्यापर्यंत बधिरपणा येईतों हलूं नये, असें त्यानें लिहून ठेविलें. माशाच्या अंगांत वीज उत्पन्न होते हें त्याला ठाऊक असणें शक्यच नव्हतें. तरीही त्याचें निरीक्षण खोटें नव्हतें. विजेच्या झटक्यानें वेदना कांहीं काळ बोथट होते. श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें ती पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

लोहचुंबकाची कथा निराळी आहे. व्हिएन्ना येथील फ्रान्झ अँटन मेस्मर हा डॉक्टर आरंभीं लोहचुंबकांनीं रोग्यांवर उपचार करीत असे. पुढें तो म्हणूं लागला कीं, चुंबकाचीही गरज नाहीं. आपल्या देहांतूनच एक सूक्ष्म चुंबकीय प्रवाह रोग्याच्या अंगांत शिरतो आणि त्यास बरें करतो. १७७८ सालीं तो पॅरिसला आला, आणि उमराव घराण्यांतील स्त्रीपुरुषांची त्याच्याकडे रीघ लागली. एका मोठ्या लाकडी पिंपाभोंवतीं रोगी बसत, आणि पिंपांतून बाहेर आलेल्या लोखंडी सळया आपल्या दुखऱ्या भागास लावीत. कोणी हसे, कोणी रडे, कोणास आंचके येत. आणि पुष्कळांस बरेंही वाटे. अखेर १७८४ सालीं सोळाव्या लुई राजानें या विद्येच्या चौकशीसाठीं एक समिति नेमली. अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला राहिलेले बेंजामिन फ्रँक्लिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि ज्योतिर्विद बायी हे तींतील प्रमुख गृहस्थ होते.

समितीनें केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पासी येथें फ्रँक्लिन यांच्या बागेंत मेस्मरच्या पंथांतील देलों नांवाच्या डॉक्टरानें एका जर्दाळूच्या झाडांत आपला प्रवाह भरला. नंतर बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्यास एकामागून एक झाडांपाशीं नेण्यांत आलें. प्रत्येक झाडाशीं त्याची अस्वस्थता वाढत गेली, आणि चौथ्या झाडाशीं तर तो मूर्च्छा येऊन पडला. मौज ही कीं, त्या चार झाडांपैकीं एकही मंतरलेलें नव्हतें. मंतरलेलें झाड अजून दूर होतें! अशा अनेक प्रयोगांवरून समितीनें निर्णय दिला कीं, मनांत कल्पना असेल तर चुंबकीय प्रवाहावांचूनही परिणाम घडतो, आणि कल्पना नसेल तर त्या प्रवाहानें कांहींच घडत नाहीं.

या निर्णयाला पुरतीं पंधरा वर्षें झालीं नाहींत तोंच इंग्लंडांत तशीच दुसरी वेळ आली. अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांताचा एलिशा पर्किन्स हा डॉक्टर धातूच्या दोन लहान कांबी विकूं लागला होता. सुमारें तीन इंच लांबीच्या या कांबी दिसण्यांत एक पितळेसारखी आणि दुसरी रुप्यासारखी होती. दुखऱ्या भागावरून त्या कांहीं मिनिटें ओढल्या म्हणजे आंतील दूषित वीज बाहेर पडून वेदना थांबते, असा त्याचा दावा होता. १७९६ सालीं त्यानें त्यांचें पेटंट घेतलें. त्याचा मुलगा लंडनला येऊन पांच गिनींना एक जोडी या भावानें त्या विकूं लागला. घरच्या घरीं, डॉक्टरावांचून, ज्याचें त्यानें वापरावें असें हें विद्युत्-चिकित्सेचें साधन होतें. आजच्या पट्ट्यांचें तें पूर्वजच म्हणावयाचें.

बाथ शहरांत जॉन हेगार्थ नांवाचे एक विचारी डॉक्टर होते. त्यांनीं १७९९ च्या जानेवारींत अगदीं तशाच दिसणाऱ्या कांबी करविल्या. मात्र त्या लाकडाच्या होत्या, आणि वरून धातूसारखा रंग दिलेला होता. जुन्या संधिवाताच्या पांच रोग्यांवर त्या गंभीर मुद्रेनें फिरविण्यांत आल्या. पांचांपैकीं चौघांनीं आपणांस आराम पडल्याचें सांगितलें! दुसऱ्या दिवशीं त्याच रोग्यांवर खऱ्या, धातूच्या कांबी फिरविल्या. आणि परिणाम जवळजवळ तोच झाला. हेगार्थ यांनीं ही सर्व हकीकत १८०० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

मीं आरंभीं म्हटलेली कसोटी ती हीच. एखाद्या यंत्रानें रोग्यास बरें वाटलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न विचारून भागत नाहीं. हुबेहूब तसेंच दिसणारें, पण आंतून पोकळ असलेलें यंत्र लावलें असतां किती रोग्यांस बरें वाटलें असतें, हें विचारावें लागतें. या दोहोंतील जो फरक, तेवढेंच त्या यंत्राचें खरें कर्तृत्व.

यावर कोणी विचारील कीं, मग ते चार रोगी खोटें बोलत होते काय? मुळींच नाहीं. त्यांची वेदना खरी होती आणि त्यांस वाटलेला आरामही खरा होता. वेदनेचा शेवटचा निवाडा मेंदूंत होतो, आणि तेथें आशा, विश्वास, भीति व लक्ष या सर्वांची साक्ष काढली जाते. याचें एक विलक्षण उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. जेम्स एस्डेल नांवाच्या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १८४५ सालीं बंगालमधील हुगळी येथें मेस्मरच्या पद्धतीनें रोग्यांस गुंगी आणून शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. भूल देणारीं औषधें त्या वेळीं प्रचारांत आलीं नव्हतीं. सरकारनें त्याचे प्रयोग तपासविले, आणि १८४६ सालीं कलकत्त्यास त्यासाठीं प्रायोगिक रुग्णालयही काढून दिलें. मेस्मरचा चुंबकीय प्रवाह अस्तित्वांतच नव्हता, हें बासष्ट वर्षांपूर्वीं ठरून गेलें होतें. तरी मनाचा वेदनेवर चालणारा अंमल मात्र खोटा नव्हता. तात्पर्य, आराम पडणें ही एक गोष्ट, आणि तो कशामुळें पडला हें कळणें ही दुसरी गोष्ट.

एकोणिसाव्या शतकांत विजेचें शास्त्र झपाट्यानें वाढलें. १८०० सालीं व्होल्टानें आपली विद्युत्-घटमाला जाहीर केली. १८३१ सालीं फॅरेडेनें चुंबकापासून वीज उत्पन्न करण्याचा नियम शोधला. १८३६ पासून लंडनच्या गाइज् रुग्णालयांत गोल्डिंग बर्ड यांच्या देखरेखीखालीं विजेचे उपचार पद्धतशीरपणें होऊं लागले. परंतु रुग्णालयांत जें सावधपणें चालतें, तें बाजारांत बेधडक चालतें. पुल्व्हरमाखर नांवाच्या कारागिरानें शिरक्यांत भिजवून अंगाभोंवतीं गुंडाळावयाची एक विद्युत्-साखळी काढली, आणि ती युरोप-अमेरिकेंत घरोघर पोहोंचली. १८५७ सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरींतील चौकस औषधविक्या ही साखळी मोठ्या अभिमानानें अंगावर वागवितो. लेखकानें त्याची केलेली ती थट्टाच आहे. पण केवळ थट्टेचे विषयच तिला भुलत असें नव्हे. चार्ल्स डिकन्ससारख्या मनुष्यस्वभावाच्या जाणत्यानेंही १८७० सालीं, आपल्या मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस, पायाच्या दुखण्यासाठीं असा पट्टा मागविला होता. वेदनेपुढें बुद्धीचें फारसें चालत नाहीं, हें यावरून दिसून येईल.

यानंतर घरोघर विजेचे दिवे आले, आणि त्यांबरोबर नव्या तऱ्हेचें यंत्र आलें. लॉस अँजेलिस शहरांतील विल्शायर बुलेव्हार्ड हा रस्ता ज्याच्या नांवानें ओळखला जातो, त्या गेलॉर्ड विल्शायरनें १९२५ सालीं 'आयोनाको' नांवाचें कडें बाजारांत आणलें. तारेचें मोठें वेटोळें, त्यावर आवरण. तें गळ्यांत किंवा कंबरेभोंवतीं घालावयाचें आणि त्याची तार दिव्याच्या खोबणींत बसवावयाची. किंमत सुमारें साठ डॉलर! त्याबरोबर एक छोटें वेटोळें व त्यास जोडलेला इवलासा दिवा असे. तो दिवा कड्याजवळ धरला कीं मध्यें तार नसतांही पेटे, आणि पाहणारे थक्क होत. या कड्यामुळें रक्तांतील लोह चुंबकित होऊन सर्व रोग हटतात, असें ग्राहकांस सांगण्यांत येई.

आतां, दिवा पेटे यांत लबाडी कांहींच नव्हती. तो फॅरेडेचाच नियम होता. कड्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र खरोखरीच उत्पन्न होई. लबाडी होती ती पुढच्या पायरींत. दिवा पेटतो म्हणून रोगही हटतो, हें अनुमान कोणत्याही नियमांत बसत नाहीं. रक्तांतील लोहाची गोष्ट तर सरळच चुकीची होती. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनीं १९३६ सालीं दाखवून दिलें कीं, प्राणवायूनें भरलेलें हीमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलें जात नाहीं, उलट किंचित् दूरच ढकललें जातें. खिळ्यांतील लोखंड आणि रक्तांतील लोह यांची वागणूक एक नव्हे. विल्शायर १९२७ सालीं वारला. पण त्याचा युक्तिवाद अद्याप हयात आहे. चुंबकाच्या पट्ट्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत रक्तांतील लोहाचा उल्लेख आजही आढळतो.

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल कीं, हा सारा फसवणुकीचाच इतिहास आहे. तसें मानणेंही अन्यायाचें होईल. अमेरिकेंत १९१९ सालीं 'इलेक्ट्रीट' नांवाची हातांत धरावयाची विजेची कांडी निघाली होती. ती नाना रोगांवर चालते अशा जाहिरातींमुळें, १९३८ चा नवा औषध-कायदा झाल्यावर, तिच्या उत्पादकावर खटला झाला. पण १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनीं वेदनेविषयीं एक नवी उपपत्ति मांडली. वेदनेचा संदेश मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक दरवाजा लागतो. स्पर्शाचे संदेश आणणारे जाड मज्जातंतु उद्दीपित झाले तर हा दरवाजा कांहींसा मिटतो. ठेंच लागली असतां आपण ती जागा आपोआप चोळतों, त्याचें मर्म हेंच. यानंतर नॉर्मन शीली या अमेरिकन शस्त्रवैद्यानें ती बदनाम इलेक्ट्रीट कांडीच घेऊन वेदनेच्या रोग्यांवर प्रयोग केले, आणि अशा प्रयत्नांतून आजचें 'टेन्स' नांवाचें, चिकट पट्ट्यांचें यंत्र तयार झालें. लार्गसच्या माशाचा गुण अशा रीतीनें अठरा शतकांहून अधिक काळानंतर शास्त्राच्या भाषेंत आला.

चुंबकीय क्षेत्राच्या बाबतींतही एक खरा लाभ हातीं आला आहे. हाडावर दाब पडला असतां त्यांत अत्यल्प वीज उत्पन्न होते, हें फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनीं १९५७ सालीं दाखविलें. त्यानंतर अँड्र्यू बॅसेट आदि डॉक्टरांनीं, न सांधणाऱ्या मोडलेल्या हाडावर थांबून-थांबून येणाऱ्या, म्हणजे स्पंदित, विद्युत्-चुंबकीय क्षेत्राचा उपयोग केला. आणि १९७९ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें त्या विशिष्ट कामासाठीं अशा यंत्रास मान्यता दिली. परंतु मोडलेलें हाड सांधणें आणि जुनी पाठदुखी हटविणें हीं दोन भिन्न कामें आहेत. पहिल्याचें प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या दुकानांत टांगण्याची चाल मात्र पडली आहे.

तेव्हां आतां बाथच्या डॉक्टरांची कसोटी पाठदुखीसच लावून पाहूं. १९९० सालीं रिचर्ड डेयो आणि त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या कंबरदुखीचे १४५ रोगी घेऊन त्यांचे चार गट पाडण्यांत आले. कांहींस खरें टेन्स-यंत्र दिलें, कांहींस तसेंच दिसणारें पण वीज न सोडणारें. आणि दोहोंपैकीं निम्म्यांस शिवाय व्यायाम शिकविला. महिन्याच्या अखेरीस खऱ्या यंत्राच्या गटांत वेदनेच्या मोजमापांत ४७ टक्के सुधारणा दिसली. पोकळ यंत्राच्या गटांत ४२ टक्के! हा फरक योगायोगानेंही पडण्याजोगा होता. व्यायाम करणारांस मात्र स्पष्ट लाभ झाला. पण या प्रयोगाचा शेवट अधिक बोधप्रद आहे. पुढें दोन महिन्यांनीं पाहिलें तों बहुतेकांनीं व्यायाम सोडून दिला होता, आणि मिळालेला लाभही ओसरला होता.

स्थिर चुंबकांचा एक लहानसा प्रयोग २००० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. वीस रोग्यांस एक आठवडा खरे आणि एक आठवडा खोटे चुंबक लावण्यांत आले. वेदनेंत फरक आढळला नाहीं. स्पंदित विद्युत्-चुंबकीय क्षेत्राचे पाठदुखीवरील प्रयोग लहान लहान आहेत. कांहींत आराम अधिक दिसला, कांहींत दिसला नाहीं. आणि यंत्रांची शक्ति, लहरींचा वेग व उपचारांची मुदत इतकीं निरनिराळीं कीं, एका प्रयोगाचें फळ दुसऱ्या यंत्राच्या पदरांत घालतां येत नाहीं. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनें २०१६ सालीं आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं, कंबरदुखीवर टेन्सचा उपयोग करूं नये असेंच सुचविलें. तेथें भर आहे तो रोग्यास नीट समजावून सांगण्यावर, व्यायामावर, आणि अंथरूण न धरतां हिंडतें-फिरतें राहण्यावर.

असें असतां शेजारचे गृहस्थ शपथेवर सांगतात कीं, पट्टा घेतला आणि पाठ राहिली, तें कसें? पाठदुखीस भरती-ओहोटी असते. मनुष्य पैसे खर्च करण्यास तयार होतो तो भरतीच्या दिवशीं. आणि भरतीनंतर ओहोटी यावयाचीच. त्या वेळीं कंबरेला जें बांधलें असेल त्याला यश मिळतें. शिवाय पट्ट्याची ऊब असते, विश्वास असतो, आणि मोठी किंमत दिल्यावर गुण आला नाहीं असें म्हणण्याचा संकोचही असतो. आपल्या १९५४ च्या जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरील कायद्यांत ताईत, मंत्र आणि कवच यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. कंबरेला बांधलेल्या वस्तूस वीज जोडलेली आहे एवढ्यावरूनच ती ताइतापेक्षां वरच्या पायरीची ठरत नाहीं.

तरीही टेन्सच्या पेटीनें एखाद्यास घटकाभर आराम पडत असेल, आणि त्या घटकेंत तो उठून चार पावलें चालत असेल, तर तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. तोल पाहावयाचा तो असा: त्या वस्तूस किती पैसे पडले, आणि तिनें व्यायामाला मदत केली कीं त्याची जागा बळकावली? पट्टा बांधून पडून राहणाऱ्याचे स्नायु दिवसेंदिवस दुबळे होतात, आणि ज्या दुखण्यासाठीं पट्टा घेतला तेंच दुखणें वाढतें. माझ्या मतें या यंत्रांचा खरा धोका विजेच्या धक्क्यांत नसून या सुस्तींत आहे. हृदयांत पेसमेकर बसविलेल्यांनीं आणि गर्भवती स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून अशीं यंत्रें वापरूंच नयेत, हें वेगळें सांगावयास नको. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ति जाऊं लागली, लघवीवरील ताबा सुटला, मांड्यांच्या आंतल्या बाजूस बधिरपणा आला, ताप किंवा वजनांतील घट दिसली, तर यंत्राचा विचार सोडून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

आणि तरीही कोणास चुंबकीय गादी किंवा पट्टा विकत घ्यावासा वाटलाच, तर त्यानें ती वस्तु आधीं कांहीं दिवस भाड्यानें अथवा परतीच्या बोलीनें आणावी. विद्युत्-चुंबकीय क्षेत्र अंगास जाणवत नाहीं. त्यामुळें बाथचा प्रयोग घरींही करतां येतो. यंत्राचा दिवा कापडानें झांकावा. तें कोणत्या दिवशीं चालूं ठेवावयाचें आणि कोणत्या दिवशीं बंद, हें घरांतील सुनेनें किंवा नातवानें चिठ्ठ्या टाकून ठरवावें आणि आपल्यापाशींच लिहून ठेवावें. रोग्यानें रोज रात्रीं आपल्या वेदनेस दहापैकीं गुण द्यावे. तीन-चार आठवड्यांनीं दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. चालूं दिवसांचे आणि बंद दिवसांचे आंकडे सारखेच निघाले, तर यंत्र परत करावें. आणि तेवढ्या पैशांत चांगल्या भौतिकोपचार-तज्ज्ञाकडून पाठीचे व्यायाम शिकून घ्यावे. ते सोडून मात्र देऊं नयेत.